मे महिन्याची बदली आणि जूनचा पाऊस: सरकारी कार्यालयात भरवसा कसा जमवायचा, माहिती कशी टिकवायची

कोकणातल्या तालुक्याच्या सरकारी कार्यालयात दोन गोष्टी फार जवळजवळ येतात. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा 2005 चा कायदा सांगतो की सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात. जिल्हा परिषदेचे नियम वेगळे असले तरी हंगाम साधारण तोच. आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस दारात उभा असतो. ज्याला सजातल्या (तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांतल्या) वाड्या, पऱ्ये म्हणजे ओढे, त्यांवरचे साकव आणि माणसं तोंडपाठ होती तो मेअखेर घाटावर रुजू झालेला असतो, आणि त्याच्या खुर्चीवरच्या नव्या माणसाला अजून गावांची नावंही नीट लागलेली नसतात. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं ती तारीख 3 जून 2020 होती. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच.

त्या वादळात श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरात तेच झालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली आणि रस्ते पाण्याखाली असल्याने मदत पोहोचायला वेळ लागला. अशा वेळी संगणकातली यादी उघडत नाही, साहेबांचा फोन लागत नाही. कार्यालयातल्या माणसांच्या डोक्यात जे असेल आणि ते एकमेकांना जेवढं सांगून ठेवलेलं असेल, तेवढ्यावरच काम चालतं.

हा लेख दहा-वीस माणसांच्या कार्यालयांसाठी आहे: तहसील, पंचायत समिती, बांधकाम उपविभाग, खारभूमीचं उपविभागीय कार्यालय, मत्स्यव्यवसायाचं परवाना कार्यालय, नगरपंचायत. कार्यालयप्रमुख नसलात तरी यातलं बरंचसं तुम्ही तुमच्या टेबलापुरतं करू शकता. माझं म्हणणं एकच आहे. माणसं माहिती देत नाहीत ती फॉर्म नाही म्हणून नव्हे. दिल्यावर आपलं काय होईल याची खात्री नसते म्हणून. त्यामुळे आधी ती खात्री, मग वह्या आणि फोल्डर.

पहिली पायरी: माहिती का दिली जात नाही ते ओळखा

कॅथरिन कॉनेली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एका शोधनिबंधात माहिती दडवण्याचे तीन प्रकार मांडले. पहिला टोलवाटोलवीचा: "बघून सांगतो" म्हणायचं आणि सांगायचं नाही, किंवा अर्धवट सांगायचं. दुसरा अजाणतेपणाचं सोंग घेण्याचा. तिसरा कारण सांगून नकार देण्याचा: "ते गोपनीय आहे, साहेबांना विचारा." आपल्या कार्यालयांत तिन्ही रोज दिसतात. तिसऱ्याला मी दोष देणार नाही. कारण खरं असेल तर तो सरळ माणूस आहे. काळजी पहिल्या दोघांची करायची, कारण समोरच्याला आपल्याला काही मिळालं नाही हेही कळत नाही.

यामागची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. एक म्हणजे टेबलाची किंमत. एखादं काम मला एकट्यालाच येतं म्हणून मला मान आहे, ते सगळ्यांना आलं तर मला कोण विचारणार? दुसरं याच्या अगदी उलट: ज्याला येतं त्याच्याच गळ्यात काम पडतं, म्हणून येतंय हे सांगायचंच नाही. तिसरं भीतीचं. मी तोंडी सांगितलं, त्याने तसं केलं, उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर नाव माझं येईल.

चौथं कारण कोकणात जास्त जाणवतं आणि त्यावर उघडपणे कुणी बोलत नाही. नेमणुकीवर घाटावरून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून बदलीच्या अर्जाचा विचार करतोय असं स्थानिक कर्मचारी धरून चालतात. "दोन वर्षांत जाणार, याला कशाला सगळं सांगायचं?" तिकडे त्याला वाटतं की हे सगळे एकमेकांचे नातेवाईक, आपल्याला बाहेरचाच ठेवणार. दोघांच्याही मनात थोडं तथ्य असतं. त्यात कंत्राटी संगणकचालक येतो. पोर्टलची प्रत्येक खोच त्याला ठाऊक, पण चहाच्या वेळी तो वेगळा बसतो आणि त्याचा करार कधी संपेल हे त्यालाही माहीत नसतं.

तुमच्या कार्यालयात यातलं नेमकं कुठलं कारण आहे ते आधी पाहा. किमतीची भीती असलेल्याला नाव आणि मान द्यावा लागतो. कामाचा बोजा वाढेल या भीतीने गप्प असलेल्याचा बोजा खरोखर कमी करावा लागतो. दोघांना एकच भाषण देऊन काही होत नाही.

दुसरी पायरी: कोण कोणाला विचारतो याचा एक कागद

एक कोरा कागद घ्या आणि कामांची यादी करा. पदांची नको, कामांची. वारस नोंद, नुकसानीचे पंचनामे, डिझेल परताव्याचे प्रस्ताव, देयकं, पाणीटंचाईचे प्रस्ताव, न्यायालयीन प्रकरणं, माहिती अधिकाराचे अर्ज, जे असेल ते. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हे अडलं तर सगळे उठून कोणाकडे जातात?

उत्तर बरेचदा पदाप्रमाणे येत नाही. न्यायालयीन प्रकरणात अव्वल कारकुनाऐवजी अभिलेख कक्षातल्या शिपायाला विचारतात, कारण कुठला गठ्ठा कुठे आहे ते तोच जाणतो. उधाणाच्या भरतीत खारबांधाला (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड कुठे पडू शकते, कुठल्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, झडप नीट बसत नाही, हे मजूर आणि कोतवाल सांगतात. ज्या कामासमोर एकच नाव आलं आणि दुसरं कोणी सुचलंच नाही, त्यावर लाल खूण करा. जूनच्या आधी तुम्हाला या लाल खुणांवर काम करायचं आहे. बाकी सगळं नंतर.

हा कागद भिंतीवर लावू नका आणि बैठकीत वाचूनही दाखवू नका. ज्याचं नाव एकट्याने आलं आहे त्याला तो आरोप वाटतो.

तिसरी पायरी: आधी भरवसा

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या संशोधकांनी 1995 मध्ये भरवशाची जी मांडणी केली ती आजही कामाची आहे. समोरच्याला काम येतं का, त्याला माझं बरं व्हावंसं वाटतं का, आणि तो बोलल्याप्रमाणे वागतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं माणूस मनात शोधत असतो. सरकारी कार्यालयात पहिलं उत्तर लवकर मिळतं. अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्यापाशी, आणि तिथे वागण्याशिवाय उपाय नाही. पुढच्या गोष्टी मी महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

आधी स्वतः द्या. नवीन शासन निर्णय आला, जिल्ह्याच्या बैठकीत काही ठरलं, लेखापरीक्षणाचं पथक येणार असल्याचं कळलं, तर त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. साहेब माहिती दाबून ठेवतात असं एकदा बसलं की खालची प्रत्येक खुर्ची तेच करते.

श्रेय लेखी द्या. टिपणीत एक वाक्य पुरतं: "सदर बाब श्री. अमुक यांनी निदर्शनास आणून दिली." हे वाक्य फाइलबरोबर वर जातं, वाचलं जातं आणि राहतं. निरोप समारंभातल्या शाल-श्रीफळापेक्षा नोकरीत असताना मिळालेली ही ओळ माणसाला जास्त मोलाची वाटते. कंत्राटी माणसाचंही नाव लिहा. त्याला नियम आड येत नाही, आपली सवय येते.

तोंडी सल्ल्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्याने स्वतःकडे घ्यावी. "तुम्ही तुमचं मत सांगा, सही माझी आहे" हे कार्यालयप्रमुखाने म्हणावं, आणि आक्षेप निघाला तर त्याच शब्दांवर उभं राहावं. असं एकदा घडलेलं पाहिलं की वर्षभर गप्प राहिलेली माणसं बोलायला लागतात.

चूक झाल्याची बातमी आणणाऱ्याशी पहिली पाच मिनिटं कशी जातात, त्यावर पुढचं सगळं ठरतं. "साहेब, त्या यादीत दोन घरं राहिली" असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न "कोणी सोडली?" हा असू नये. पहिला प्रश्न "आता दुरुस्त कशी करायची?" आणि दुसरा "अजून कुठे राहिली असतील?" कारणं दाखवा नोटीस ही शिस्तीची गरज आहे आणि ती राहणारच. पण स्वतःहून सांगितलेली चूक, लपवलेली चूक आणि पैसे घेऊन केलेलं काम यांत फरक आहे. तो फरक आधीच सगळ्यांसमोर स्पष्ट सांगून टाका. तिसऱ्या प्रकाराला भरवशाचं संरक्षण अजिबात नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. नाहीतर सांभाळून घ्यायचं म्हणजे एकमेकांना पाठीशी घालायचं, असा अर्थ निघतो.

प्रलंबित कामांबद्दल इथेच बोलायला हवं. त्याच 2005 च्या कायद्यात सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. नियम चांगला आहे. पण धाक जास्त आणि भरवसा कमी असेल तर माणूस एखादी किरकोळ त्रुटी काढून फाइल परत पाठवतो आणि आपली मुदत वाचवतो. म्हणून सोमवारी सकाळी अर्धा तास प्रत्येकाने आपल्या अडकलेल्या फाइली आणि अडकण्याचं कारण सांगावं, आणि त्या अर्ध्या तासात कोणाला बोलणी बसणार नाहीत हे पाळावं. "मला हा नियम कळत नाही" हे वाक्य तिथे न लाजता उच्चारता आलं तर ती बैठक यशस्वी.

चौथी पायरी: शेजारी बसून विचारा

अनुभवी माणसाला "तुमचं काम लिहून द्या" म्हटलं तर तो नियमावली उतरवून देतो, आणि ती आपल्याकडे आधीच असते. हवं असतं ते नियमाबाहेरचं. ते काढायचं तर ठरावीक प्रकरण धरून विचारावं लागतं. "भाऊसाहेब, मागच्या वर्षी सगळ्यात जास्त अडलेलं प्रकरण कुठलं? मग पुढे काय केलंत? फोन कोणाला केलात? नव्या माणसाने हे केलं असतं तर तो कुठे फसला असता?" शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं येतात, हा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण घेऊ. निसर्ग वादळानंतर सुपारी-नारळाच्या वाड्यांचे पंचनामे करायचे होते. कागदावर नुकसान हेक्टरमध्ये मोजायचं; इथली वाडी काही गुंठ्यांची, तिच्यात नारळ, सुपारी, आंबा, फणस, जायफळ एकत्र. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांची नावं, निम्मे वारस मुंबईत आणि टाळेबंदीमुळे येऊ न शकणारे. भावांमध्ये तोंडी वाटप कधीच झालेलं आणि वहिवाट त्याप्रमाणेच चाललेली. कुठला कुंपणगडगा कोणाच्या वाटणीतला, हे कुठल्याच नोंदवहीत नाही. ते त्या सजात काही पावसाळे काढलेल्या तलाठ्याला, कोतवालाला आणि पोलीस पाटलाला माहीत असतं. अशी माहिती अधिकृत पुरावा नसते आणि तिच्या आधारे पैसे वाटता येत नाहीत. पण कोणाला बोलावून जबाब घ्यावा, कुठे वाद उठेल, कुणाचं संमतिपत्र आधी मागवावं, हे तिच्याशिवाय कळत नाही. नवीन ग्राम महसूल अधिकाऱ्याला (तलाठ्याचंच हे नवं पदनाम) ती मिळाली नाही तर तो प्रामाणिकपणे काम करूनही चुकीच्या दारात पंचनामा करून येतो.

म्हणून बदलीवर जाणाऱ्याने येणाऱ्याला निदान दोन दिवस गावातून हिंडवावं. कागद बरोबर नकोत. पाणी पहिल्यांदा कुठल्या साकवावर चढतं, रस्ता तुटल्यावर कुठल्या वाडीला पाखाडीने, म्हणजे पायवाटेने, जाता येतं, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, शाळेची कुठली खोली गळत नाही, आणि तिची किल्ली कोणाकडे. खाडीकाठच्या गावात यातली एक फेरी भरतीच्या वेळी करा. ओहोटीला पाहिलेलं गाव अर्धंच पाहिलेलं असतं.

पाचवी पायरी: लिहून ठेवा, पण जागा जुनीच वापरा

नवीन योजना, नवीन नाव, नवीन नोंदवही यांची गरज नाही. आपल्या दप्तराची सहा गठ्ठे पद्धत यासाठी पुरेशी आहे. प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची कागदपत्रं आणि नष्ट करायची कागदपत्रं, हे ते सहा. यातला स्थायी आदेशांचा गठ्ठा बहुतेक ठिकाणी जुन्या परिपत्रकांनी फुगलेला आणि न उघडलेला असतो. तो जिवंत करा.

त्या संचिकेत सगळ्यात वर दर कामासाठी एक पान ठेवा. त्यावर काम काय, कुठल्या नियमाखाली, आता लागू असलेल्या शासन निर्णयाची तारीख आणि सांकेतांक, त्याचं शुद्धिपत्रक निघालं असेल तर तेही, नेहमी लागणारी कागदपत्रं, नेहमी होणाऱ्या चुका, आणि अडलं तर विचारायच्या दोन माणसांची पदं. एकाच पानावर मावेल एवढंच लिहा. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख. भाषा आपण बोलतो तशी ठेवा. "विहित मार्गाने सादर करणेत यावे" याच्याऐवजी "आधी भूमी अभिलेखकडून मोजणीची प्रत आणा, मग पुढे पाठवा" असं लिहिलं तर नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी वापरता येतं.

ज्या कामांवर लाल खूण आहे ती पानं पहिल्यांदा. लिहिणारा आणि वापरणारा वेगळे हवेत: जाणत्याने सांगावं, नवशिक्याने लिहावं, मग जाणत्याने तपासावं. यात जाणत्याचा वेळ वाचतो, नवशिका शिकतो, आणि दोघांना एकत्र बसायला कारण मिळतं.

नदीकाठच्या कार्यालयात ही संचिका खालच्या कप्प्यात ठेवू नका. वाशिष्ठी आणि सावित्री यांच्या काठावर ही सूचना अनावश्यक वाटायला नको.

सहावी पायरी: चार्ज

चार्ज देणं म्हणजे आपल्याकडे प्रभार यादीवर दोन सह्या. किती फाइली, कुठली नोंदवही, किती किल्ल्या. तेवढं लागतंच. त्याला एक पान जोडा. पुढच्या तीस दिवसांत येणाऱ्या तारखा. वरून येणारे पण कागदावर नसलेले विषय. आश्वासन दिलेलं पण पूर्ण न झालेलं काही. आणि ज्यांच्याशी बोलताना सांभाळावं लागतं असे वाद. शेवटचा मुद्दा सांगायला जीभ अडखळते, पण तोच नव्या माणसाला वाचवतो. तो कागदावर न लिहिता तोंडी सांगावा.

एप्रिलमध्ये बदलीपात्र कर्मचाऱ्यांची यादी दिसू लागते, तेव्हाच हे पान सुरू करा. आदेश हातात पडल्यावर माणूस मनाने निघून गेलेला असतो आणि कार्यमुक्त व्हायची घाई असते. गेल्यावर एक महिना फोन घेईन, हा शब्द दोघांत ठरवून घ्या, आणि नव्या माणसाने तो रात्री अकराला वापरू नये.

निवृत्तीचं तसंच. अठ्ठावन्नावं वर्ष कोणालाही अचानक लागत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत त्या माणसाकडचं नवीन काम कमी करून शेजारी एक तरुण सहकारी बसवणं कार्यालयप्रमुखाच्या हातात असतं.

सातवी पायरी: भरवशाच्या सीमा

व्हॉट्सअ‍ॅप गटाशिवाय आता कुठलंच कार्यालय चालत नाही. त्यावर लाभार्थ्यांचे आधार, बँक पासबुकं, आजारपणाची कागदपत्रं टाकू नका. हवामानाचे इशारे, बैठकीच्या वेळा, शासन निर्णय एवढ्यासाठी तो चांगला आहे. गटावर कोणाची चूक काढू नका. त्यानंतर तिथे कोणी प्रश्न विचारत नाही, फक्त "ओके सर" उरतं.

दुसरी सीमा डोंगलची. कामाच्या गर्दीत डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल संगणकचालकाकडे देऊन ठेवायचा, पासवर्ड मॉनिटरला चिकटवायचा, हे "आमच्यात विश्वास आहे" म्हणून चालतं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार डोंगलमधली स्वाक्षरीची कळ (key) स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी स्वाक्षरीच्या मालकाची आहे. यात कनिष्ठाचंही नुकसान आहे: उद्या चौकशी लागली तर त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. काम शिकवा, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन मागवून घ्या, स्वाक्षरी स्वतः करा.

जमतंय का, हे कसं कळेल

गणपतीत पाहा. निम्मं कार्यालय रजेवर, आणि नेमके त्याच आठवड्यात चाकरमानी वारस नोंदी, फेरफार, जुने उतारे यांसाठी खिडकीशी उभे. "ते साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर मुंबईहून आलेल्या माणसाला देणं म्हणजे पुढच्या मे महिन्यात या, असं सांगणं. त्या आठवड्यात शेजारच्या टेबलाने स्थायी आदेशांची संचिका उघडून किती कामं मार्गी लावली आणि किती परत पाठवली, ते साध्या वहीत लिहून ठेवा. परत गेलेल्या प्रत्येक कामासमोर कारण लिहा. त्यातून पुढची पानं कुठली लिहायची ते मिळतं.

वरच्या साहेबांना यात रस नसेल तरी थांबू नका. शेजारच्या एका टेबलाशी ठरवा: तुमच्या दोन कामांची पानं तुम्ही त्यांना द्या, त्यांच्या दोन कामांची त्यांनी तुम्हाला द्यावी, आणि एकमेकांच्या रजेत ती वापरून पाहा. त्याला आदेश लागत नाही. शिमग्यापर्यंत हे दोन टेबलांत जमलं तर एप्रिलमध्ये बदल्यांच्या याद्या येतील तेव्हा तिसऱ्याला दाखवायला तुमच्याकडे चार पानं असतील.